कारखान्यात घडणारी घरे आणि आपण

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावे अशी आज्ञा चिटणीस साहेबांनी मला केली, तेव्हा मी त्यांस नम्रपणे म्हणालो की, आपल्या सुतार समाजात आता अभियंते आहेत, वास्तुविशारद आहेत, मोठमोठ्या कंपन्यांतून अधिकारपदे भूषविणारे तरुण आहेत. त्यांना पाचारण करावे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात प्राथमिक शाळेत गणित-भूगोल शिकविण्यात घालविलेला मनुष्य. त्यावर ते म्हणाले, "गुरुजी, सर्वांना समजेल असे सांगणारा कोणीतरी पाहिजे." शिक्षकाला यापुढे नाही म्हणता येत नाही. विषय मात्र मी माझ्या मनाचा घेतला आहे, आणि तो आपल्या घराशी व आपल्या हत्याराशी, दोहोंशी निगडित आहे.

आपल्या संमेलनांतून दोन गाऱ्हाणी नेहमी कानी पडतात. संसारी माणसे म्हणतात, घर बांधणे आता आवाक्यात राहिले नाही. कारागीर मंडळी म्हणतात, दारे तयार येतात, खिडक्या तयार येतात, स्वयंपाकघराची कपाटेसुद्धा कारखान्यातून येऊन भिंतीवर चढतात. मग रंधा हाती घेऊन करावयाचे काय? ही दोन्ही गाऱ्हाणी एकाच घटनेपाशी येऊन थांबतात. घर आजवर प्लॉटवर घडत असे. ते हळूहळू कारखान्यात घडू लागले आहे. कोठे भिंती तयार होऊन येतात, कोठे छताचे तक्ते, तर कोठे अख्खी खोलीच ट्रकवर चढून येते. यासच हल्ली मॉड्युलर घर म्हणतात. या घटनेने घर स्वस्त होईल काय, ते राहण्यास गार व निर्धोक असेल काय, आणि त्यात आपल्या मुलाबाळांना काम राहील काय, या तीन प्रश्नांचा विचार आपण आज करू.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, ही कल्पना आपणांस परकी नाही. आपल्या जुन्या घरांचे माप फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. "घर किती खणांचे?" असा प्रश्न असे, आणि "तीन खणांची ओसरी, पाच खणांचे माजघर" असे उत्तर मिळे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. खणाचे माप एकदा ठरले की तुळया, कड्या, पाट यांची लांबी आपोआप ठरे, आणि घर वाढवावयाचे झाल्यास आणखी एक खण जोडला जाई. माझे वडील खांब-तुळया आपल्याच अंगणात घडवीत, कुसू आणि भोके पाडून सांगाडा एकदा जमिनीवर जुळवून पाहत, प्रत्येक सांध्यावर पटाशीने खुणेच्या रेघा ओढीत, आणि मग ते सामान बैलगाडीत घालून मालकाच्या गावी नेत. तेथे दोन-तीन दिवसांत सांगाडा उभा राही. ठरीव माप, आधी घडविलेले भाग, खुणांवरून जुळणी: आजच्या मॉड्युलर घराचे हेच तीन पाय आहेत. फरक एवढाच की अंगणाची जागा कारखान्याने घेतली आणि पटाशीच्या खुणेची जागा संगणकाच्या आकड्याने.

पश्चिमेकडे हा उद्योग मोठ्या प्रमाणावर प्रथम लाकडातच झाला. अमेरिकेतील सिअर्स, रोबक ही टपालाने माल विकणारी प्रसिद्ध पेढी. तिने १९०८ ते १९४० या काळात सूचिपत्रावरून सुमारे ७० हजार घरे विकली. गिऱ्हाइकाने चित्र पाहून घर पसंत करावे, आणि पेढीने आगगाडीने लाकडे, खिळे, दारे, रंग असे सर्व सामान पाठवावे. पुढे पुढे ही लाकडे मापाने कापून व आकडे घालून येऊ लागली. साध्या पद्धतीच्या घरास सुताराचे ५८३ तास लागत असतील तर या घरास ३५२ तास पुरतात, असा त्या पेढीचा दावा होता. हे आकडे आपण लक्षात ठेवू. मी त्यांकडे शेवटी पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात घरांचा भयंकर तुटवडा पडला. १९४४ मध्ये तेथील सरकारने कायदा करून तात्पुरती घरे उभारण्यास घेतली आणि पुढील काही वर्षांत दीड लाखावर छोटी बैठी घरे कारखान्यांतून बाहेर पडली. त्यांतील सुमारे ५४ हजार घरे ॲल्युमिनियमची होती. लढाऊ विमाने बांधणाऱ्या कारखान्यांचे काम संपले होते. तीच यंत्रे आणि तेच कामगार घरे करू लागले. एक घर चार भागांत लॉरीवरून येई. नळ, न्हाणीघर, स्वयंपाकाची ओटी, सारे आतच बसविलेले असे. ही घरे दहा-पंधरा वर्षांपुरतीच म्हणून बांधली होती, पण त्यांतील कित्येकांत लोक पन्नास वर्षांहून अधिक काळ आनंदाने राहिले.

आता आजच्या कारखान्यात काय चालते ते पाहू. स्वीडन या थंड देशात स्वतंत्र घरांपैकी बहुतेक घरे लाकडाची असून त्यांचे भाग कारखान्यात तयार होतात. घराचा नकाशा संगणकावर तयार झाला की त्यातील प्रत्येक लाकडाची लांबी, कोन आणि भोकांची जागा थेट करवतीच्या यंत्राकडे जाते. यंत्र लाकूड कापते आणि त्यावर आकडा छापते. एका लांबलचक मेजावर चौकट जुळते; मेजाच्या वरून सरकणारा यंत्राचा पूल ठरल्या जागी खिळे मारीत जातो. चौकटीच्या पोकळीत खनिज लोकरीचा जाड थर भरतात, दोन्ही बाजूंनी तक्ते लावतात, खिडकीसुद्धा काचेसह तेथेच बसवितात, आणि भिंत उभी करून ट्रकवर चढवितात. पाया तयार असला की एक-दोन दिवसांत घर पावसापासून सुरक्षित होते. कामगार छपराखाली, चांगल्या उजेडात, कमरेच्या उंचीवर काम करतो. पाऊस आला म्हणून खाडा नाही, आणि उंच परातीवरून पडण्याचे भय कमी. लाकडाचे उरलेले तुकडेही इतस्ततः पडत नाहीत, कारण कोणत्या तुकड्यातून काय निघेल याचा हिशेब यंत्राने आधीच केलेला असतो.

जपानने निराळा मार्ग धरला. सेकिसुई हाइम या नावाने १९७१ पासून तेथे पोलादी सांगाड्याच्या पेट्यांची घरे विकली जाऊ लागली. एक पेटी म्हणजे एक खोली किंवा तिचा भाग. मोटार जशी पट्ट्यावरून सरकत सरकत पुरी होते तशी ही पेटी पुरी होते आणि प्लॉटवर पेट्यांवर पेट्या रचून घर उभे राहते. मोटारी करणाऱ्या टोयोटा कंपनीनेही १९७५ मध्ये या धंद्यात पाऊल टाकले. यात एक गोष्ट मार्मिक आहे. जपानी गिऱ्हाईक कारखान्याचे घर स्वस्त मिळते म्हणून घेत नाही. काम एकसारखे चोख असते, हमी दीर्घ असते आणि भूकंपात घर टिकते, यासाठी ते कित्येकदा चार पैसे अधिक मोजते.

यावरून आपण पहिल्या प्रश्नाकडे येतो. कारखान्यात घडल्याने घर स्वस्त होते काय? याचे उत्तर होय आणि नाही असे दुहेरी आहे, आणि ते समजण्यास पाचवीचे गणित पुरे आहे. समजा, एका कारखान्याची यंत्रे, इमारत, व्याज आणि पगार मिळून वर्षाचा ठरलेला खर्च १० कोटी रुपये आहे. वर्षात १,००० घरे घडली तर प्रत्येक घरावर या खर्चाचा बोजा १ लाख रुपये पडेल. मागणी घटून १०० च घरे घडली तर तोच बोजा १० लाख होईल. मिस्त्रीला काम नसले तर तो घरी बसतो; कारखान्याला काम नसले तरी त्याचे व्याज चालूच राहते. म्हणून कारखान्याच्या घराला सर्वांत आधी काय लागत असेल तर ती अखंड मागणी.

हे न जमल्याने मोठमोठे कारखाने बुडाले आहेत. अमेरिकेत २०१५ मध्ये कटेरा नावाची कंपनी निघाली. तिने भांडवलदारांकडून सुमारे २०० कोटी डॉलर जमविले. आपल्या देशातही २०१८ मध्ये तिने तमिळनाडूत कृष्णगिरी येथे काँक्रीटचे तयार भाग करणारा कारखाना चालविणाऱ्या कंपनीस आपल्यात सामावून घेतले. एवढे करूनही जून २०२१ मध्ये तिने दिवाळे जाहीर केले. आपल्या सरकारचा अनुभवही बोधप्रद आहे. फाळणीनंतर निर्वासितांना त्वरित घरे मिळावी म्हणून दिल्लीत जंगपुरा येथे सरकारी घर-कारखाना उभारण्यात आला आणि १९५० च्या सुमारास तेथे फेसाळ काँक्रीटचे तक्ते पडू लागले. पण ते तक्ते वाहतुकीत फुटत, सांधे नीट बसत ना. मूळ योजना फसली. १९५३ मध्ये त्याचीच हिंदुस्तान हाउसिंग फॅक्टरी झाली आणि १९७८ मध्ये तिला हिंदुस्तान प्रीफॅब हे नाव मिळाले. या संस्थेने पुढे विजेचे खांब, रेल्वेचे काँक्रीट स्लीपर आणि इमारतींचे तयार भाग अशा मालात जम बसविला. उद्देश थोर होता यात शंका नाही. परंतु माल, वाहतूक आणि सांधा यांची परीक्षा होण्याआधीच उत्पादन सुरू झाले.

याच्या उलट उदाहरण स्वीडनमधील बोक्लोक या योजनेचे. स्कान्स्का ही बांधकाम कंपनी आणि आयकिया ही फर्निचरची पेढी यांनी मिळून १९९० नंतरच्या दशकात ती सुरू केली. त्यांनी आधी घर आखून मग किंमत काढली नाही. सामान्य पगारावर एकट्याने मूल वाढविणाऱ्या पालकाच्या हाती महिन्याचा खर्च भागवून काय उरते, ते आधी मोजले. आणि त्या रकमेत बसेल असे घर आखले. नमुने मोजके ठेवले आणि तेच ते पुन्हा पुन्हा घडविले. आपणही घराचा विचार याच क्रमाने करावयास हवा.

कारखान्याच्या घरात खरी बचत होते ती वेळाची. समजा, आपण ८ हजार रुपये भाड्याने राहत आहोत आणि बांधकाम १८ महिन्यांऐवजी ८ महिन्यांत पुरे झाले, तर १० महिन्यांचे ८० हजार रुपये भाडे वाचले. कर्जाच्या व्याजाची बचत निराळीच. परंतु शहरवासी बांधवांनी एक गोष्ट विसरू नये. घराच्या किमतीत निम्मा वाटा जमिनीचा असेल आणि बांधकाम शेकडा १० ने स्वस्त झाले, तरी घराची किंमत शेकडा ५ नेच उतरेल. मुंबई-पुण्याकडे तर जमिनीचा वाटा कित्येकदा निम्म्याहूनही अधिक असतो. यंत्र भिंत स्वस्त करील, जमीन स्वस्त करणे त्याच्या हाती नाही.

आणखी एक व्यावहारिक अडचण सांगतो. आपल्या देशात साधारण वाहनाची रुंदी २.६ मीटर, म्हणजे सुमारे साडेआठ फूट, एवढीच मर्यादित आहे. त्याहून रुंद माल न्यावयाचा तर खास परवानगी लागते. साडेआठ फुटांच्या पेटीत ऐसपैस खोली कशी बसणार? आणि आपल्या घाटवाटांतून, गावच्या बोळांतून ती पेटी वळणार कशी? म्हणून आपल्याकडील खेड्यांना व लहान शहरांना अख्ख्या खोलीपेक्षा सुट्या भिंती आणि छताचे तक्ते नेऊन जुळविण्याची पद्धत अधिक सोयीची, असे मला वाटते.

आता दुसरा प्रश्न, निर्धोकपणाचा. येथे सुताराच्या मुलास सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे सांधा. लंडनमध्ये रोनान पॉइंट नावाची २२ मजली इमारत काँक्रीटच्या तयार भिंती एकावर एक रचून उभारली होती. १६ मे १९६८ रोजी सकाळी १८ व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. एक भिंत बाहेर ढकलली गेली, तिच्यावरचे मजले आधार सुटून खाली आले आणि त्यांच्या भाराने खालचेही गेले. इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसे मृत्यू पावली. इमारतीत लोक राहावयास येऊन अवघे दोन महिने झाले होते. पुढे १९८६ मध्ये ही इमारत एकेक भाग सोडवून उतरविण्यात आली, तेव्हा काही सांध्यांत मसाल्याच्या ऐवजी वर्तमानपत्रांचे कागद कोंबलेले आढळले. कारखान्यात तक्ता कितीही निर्दोष निघाला तरी प्लॉटवर सांधा भरणाऱ्या हाताने इमान राखले नाही, तर सारे व्यर्थ होय.

आपल्या देशातही २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात काँक्रीटच्या तयार भागांनी बांधलेल्या अनेक शाळाखोल्या कोसळल्या. छताचे तक्ते आणि भिंती एकमेकांस नीट बांधलेल्या नव्हत्या. प्रजासत्ताक दिनामुळे त्या दिवशी नेहमीचे वर्ग नव्हते. वर्गात जन्म घालविलेल्या माणसाला याहून अधिक काही सांगावे लागत नाही.

घराचा गारवा हाही या प्रश्नाचाच भाग आहे, कारण विजेचे बिल दरमहा येते. आपल्या पूर्वजांनी गारवा जाडीतून मिळविला. मराठवाड्यातील माळवदाची घरे पाहा. दगडमातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती आणि लाकडी कड्यापाटांवर मातीचा जाड थर. वैशाखाच्या दुपारी आत गेले की जीव शांत होई. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तोच जडपणा काळ ठरला. झोपेतली हजारो माणसे त्या दगडमातीखाली गाडली गेली. त्यानंतर लोकांस जड छताची धास्ती बसली आणि गावोगाव पत्रे व उघडे स्लॅब आले. भय गेले, पण गारवाही गेला.

येथे कारखान्याचे घर खरोखर उपयोगी पडू शकते. उष्णता अडविण्यास वजन लागतेच असे नाही. घट्ट काँक्रीटमधून जितकी उष्णता वाहते, तिच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शाइतकीच तेवढ्याच जाडीच्या थर्माकोलच्या थरातून वाहते. दोन पातळ कठीण तक्त्यांमध्ये असा हलका थर भरला की भिंत वजनाने कमी, भूकंपात सौम्य, आणि उन्हाला अडविणारी होते. हे काम उन्हापावसात, वाऱ्यावर नीट होत नाही. कारखान्यात ते एकसारखे होते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये इको निवास संहिता नावाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात छतासाठी एक आकडा दिला आहे. बाहेर आणि आत एका अंशाचा फरक असता एक चौरस मीटर छतातून १.२ वॅटहून अधिक उष्णता आत येऊ नये. आपल्या नेहमीच्या उघड्या स्लॅबचा हा आकडा तीनच्या वर असतो. त्याच स्लॅबवर दोन इंच जाडीचा उष्णतारोधक थर बसला की तो एकच्या खाली येतो. म्हणजे छतातून येणारा उन्हाचा ताप तिपटीहून अधिक कमी झाला.

तथापि सावधगिरीचे दोन शब्द सांगितले पाहिजेत. असा फेस जळतो; म्हणून तो सिमेंटच्या तक्त्याने सर्व बाजूंनी झाकलेला असलाच पाहिजे. आणि हलकी भिंत म्हणजे सर्व काही नव्हे. विदर्भात खिडकीवर सावली पाडणारा सज्जा हवा, कोकणात आरपार वारा हवा, आणि छतावर पांढरा रंग तर सर्वत्र हवा. हल्ली रस्त्याकडेला पत्र्याच्या पेट्या रंगवून मॉड्युलर घर म्हणून विकतात. उष्णतारोधक थर नसलेली पत्र्याची पेटी म्हणजे उन्हाळ्यात भट्टीच. नाव नवे आहे म्हणून वस्तू चांगली, असे समजू नये.

आपल्या सरकारने १ जानेवारी २०२१ रोजी चेन्नई, राजकोट, इंदूर, रांची, आगरतळा आणि लखनौ या सहा शहरांत प्रत्येकी सुमारे हजार घरांच्या सहा प्रकल्पांची पायाभरणी केली. प्रत्येक ठिकाणी पद्धत निराळी. चेन्नईस काँक्रीटचे तयार भाग, रांचीस काँक्रीटच्या तयार खोल्या, इंदुरास फेस भरलेले तक्ते, आगरतळ्यास हलक्या पोलादाचा सांगाडा, अशी ती योजना. वर्षभरात घरे पुरी करण्याचा संकल्प होता. मध्यंतरी महामारीचे संकट होते; सर्वांआधी पुरी झालेली चेन्नईची ११५२ घरे २६ मे २०२२ रोजी, म्हणजे सुमारे १७ महिन्यांनी, लोकार्पण झाली. विलंब झाला तरी हजारावर घरांस १७ महिने हा काळ थोडा नव्हे काय? आपल्या अभियंता बांधवांनी ही ठिकाणे प्रत्यक्ष पाहून, तेथे राहणाऱ्या माणसांशी बोलून, पुढील स्मरणिकेत लिहावे अशी माझी विनंती आहे.

आता तिसरा प्रश्न, आपल्या पोटापाण्याचा. सिअर्सचे ते आकडे आठवा. ५८३ तासांचे ३५२ तास झाले, म्हणजे सुताराचे शंभरातले चाळीस तास गेले. हे गोड शब्दांनी झाकण्यात अर्थ नाही. पोलादी साचे आले की सेंट्रिंगचे लाकूडकाम जाते. तयार दार आले की चौकटीचे काम जाते. जे हात केवळ कापणे आणि ठोकणे एवढेच जाणतात, त्यांचे काम यंत्र घेईलच. परंतु ज्याला माप कळते, काटकोन कळतो, सांधा कळतो, त्याची गरज कारखान्यात संपत नाही. साचा कोण करील? यंत्राला माप कोण देईल? प्लॉटवर दोन तक्ते जुळेनासे झाले तर दोष पायात आहे की तक्त्यात, हे गुण्या आणि ओळंबा लावून कोण सांगेल? जुनी घरे दुरुस्त कोण करील? ही कामे आपली आहेत. मात्र ती परंपरेच्या हक्काने मिळणार नाहीत, शिकून मिळवावी लागतील. विश्वकर्म्याचे नाव घेणाऱ्यांनी नव्या यंत्राकडे पाठ फिरवावी हे शोभत नाही.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली अशी की, आपल्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी निदान दोन विद्यार्थ्यांस, त्यांत एक मुलगी असावी, आयटीआय किंवा पदविका शिक्षणात संगणकावरील आरेखन आणि संगणकाने चालणारी कापणीयंत्रे शिकण्यासाठी साह्य द्यावे. कारखान्यात जड तुळई खांद्यावर वाहावी लागत नाही. तेथे मुलींना मज्जाव असण्याचे काहीच कारण नाही. दुसरी अशी की, १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राने सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची माहिती देणारा एक कार्यकर्ता नेमावा. त्या योजनेत सुतारासह अठरा कारागिरांसाठी प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साह्य, आणि आधी १ लाख व मग २ लाख असे शेकडा ५ व्याजाने कर्ज ठेवण्यात आले. अनेक बांधव केवळ अर्ज कसा करावा हे न कळल्याने अशा गोष्टींपासून दूर राहतात. तिसरी सूचना आपल्या नियोजित विद्यार्थी वसतिगृहाविषयी आहे. त्याच्या निविदा मागविताना एक निविदा नेहमीच्या बांधकामाची आणि एक कारखान्यातील तयार भागांची, अशा दोन मागवाव्या आणि दोहोंची तुलना किंमत, मुदत आणि छताचा उष्णतेचा आकडा या तीन रकान्यांत करून सभासदांपुढे ठेवावी. उद्या उन्हाळ्याच्या परीक्षांस बसणारी आपलीच मुले त्या छताखाली अभ्यास करणार आहेत.

आणि ज्या कुटुंबांना असे घर घ्यावयाचे आहे, त्या भगिनी-बंधूंनी विक्रेत्यास पाच प्रश्न अवश्य विचारावे. सांधा कशाने आणि कसा भरला जातो, व तो तपासतो कोण? छताचा व भिंतीचा उष्णतेचा आकडा किती? आतला फेस आगीपासून कशाने झाकला आहे? पुढे एक खोली वाढवावयाची किंवा भिंतीत खिळा-नळ बसवावयाचा झाल्यास काय करावे? आणि कारखाना बंद पडला तर दुरुस्ती कोण करील? यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर टाळले गेले तरी पैसे देण्याची घाई करू नये. भगिनींचा मी मुद्दाम उल्लेख केला, कारण घराचा ताप-थंडावा दिवसभर सोसते ती गृहिणी, आणि नकाशा मंजूर करताना तिला विचारण्याची रीत आपल्यात अजूनही कमीच आहे.

बंधूंनो, खणाचे माप आपल्या वाडवडिलांनी घालून दिले. त्या मापात मुलुखाच्या गरजा, लाकडाची ताकद आणि घरधन्याची ऐपत या तिन्हींचा विचार होता. कारखान्यातल्या घराकडेही आपण याच तिन्ही दृष्टींनी पाहावे, म्हणजे भुलण्याचे कारण नाही आणि भिण्याचेही नाही.